कुरणातली शाळा आणि यादीत नसलेली मुले

निसर्ग शिबिराहून परतलेल्या मुलांचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते. डोक्यावर टोप्या, गळ्यात एखादी दुर्बीण, मागे बोंडल्याचे किंवा मोलेचे जंगल. खाली ओळ असते, अमुक शाळेच्या चाळीस विद्यार्थ्यांनी सहभाग घेतला. वर्गात एकूण मुले किती होती आणि मागे किती राहिली, हे मात्र कुठेच छापत नाहीत. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि गेली कित्येक वर्षे सरकारी कारकुनी करतो आहे. या दोन्ही गोष्टींनी मला एकच सवय लावली. यादी हातात आली की यादीत कोण नाही, ते आधी पाहायचे.

मागे राहणारी मुले कोण असतात? शिबिराचे पैसे भरू न शकणारी असतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी लागणारी मुलगी असते. बांधकामावर आईबाप असलेले, कर्नाटकातून आलेले मूल असते. कुबड्या घेऊन चालणारा, डोळ्यांनी कमी दिसणारा, अधूनमधून फिट येणारा मुलगा असतो, ज्याची 'जबाबदारी कोण घेणार' असे शिक्षक दबक्या आवाजात एकमेकांना विचारतात. यातल्या कुणालाही कुणी 'येऊ नकोस' असे तोंडावर म्हणत नाही. नाव यादीत येत नाही एवढेच.

आता यातली गंमत अशी, की उघड्यावरची शाळा ही कल्पना आधुनिक काळात जन्माला आली तीच मुळी अशा मागे राहिलेल्या मुलांसाठी. १९०४ साली बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्ग शहरात पाइनच्या जंगलात एक शाळा सुरू झाली. 'वाल्डशूल', म्हणजे वनशाळा. नॉयफर्ट नावाचे शाळा तपासनीस आणि बेंडिक्स नावाचे डॉक्टर यांच्या खटपटीतून ती उभी राहिली. तिथे कुणाला घेत? धडधाकट, शर्यतीत पहिल्या येणाऱ्या मुलांना नव्हे. क्षयाचा धोका असलेली, रक्त कमी असलेली, नेहमीच्या वर्गात टिकू न शकणारी शहरातली गरीब मुले तिथे जात. सकाळी जायचे, दिवसभर झाडांखाली राहायचे, पोटभर जेवायचे, दुपारी सक्तीने पडून राहायचे आणि संध्याकाळी घरी. धडे आखूड ठेवलेले. या कल्पनेची बातमी युरोपभर पसरली. १९०७ साली लंडनमध्ये बोस्टल वूड येथे तशीच शाळा निघाली. १९१४ साली रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी लंडनच्याच डेप्टफर्ड या गलिच्छ वस्तीत बागेतली बालशाळा काढली. झोपडपट्टीतल्या मुलांना अंगण कुठून मिळणार? तेव्हा अंगणालाच शाळा करू, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पुढे क्षयावर औषधे आली, घरे सुधारली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर या शाळा एकेक करून बंद पडल्या. ते ठीकच झाले म्हणा. पण त्याच सुमारास 'उघड्यावरचे शिक्षण' या शब्दांना एक वेगळाच अर्थ चिकटला. १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे कुर्त हान या जर्मनीतून परागंदा झालेल्या शिक्षकाने एका जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा सुरू केली. युद्धात बोटी बुडत होत्या आणि जीवरक्षक होड्यांत म्हातारे खलाशी तग धरत असताना तरुण पोरे आधी दम सोडत होती, असे होल्ट यांना दिसले होते. तेव्हा तरुणांना डोंगर, समुद्र, थंडी यांत घालून कणखर बनवायचे. हेतू उदात्त होता यात शंका नाही. युद्धाचा काळ होता. पण इथे निसर्ग म्हणजे परीक्षा झाली. शार्लोटेनबुर्गच्या जंगलात मूल कसे आहे ते पाहून दिवस आखला जाई. इथे दिवस आधी आखलेला आणि त्याला पुरे पडणारे मूल निवडायचे.

आपल्या देशातही साहसी शिबिरांची परंपरा बहुतांशी या दुसऱ्या वाटेने आली. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले आणि १९५४ साली दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली. त्याआधी १९४८ पासून एन. सी. सी. होतीच. शिबिर म्हणजे शिस्त, शिट्टी, रांग आणि तंदुरुस्ती हे समीकरण घट्ट बसले. मग पर्यावरण आले. माझ्या टेबलावरून न गेलेले, पण माझ्या वाचनात आलेले एक परिपत्रक आहे. खाते कोणते ते सांगत नाही. निसर्ग अभ्यास शिबिरासाठी 'शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त अशाच विद्यार्थ्यांची नावे पाठवावीत' अशी ओळ त्यात होती. शिबिरात करायचे काय, तर फुलपाखरे पाहायची आणि संध्याकाळी पारदर्शिका पाहायच्या! फुलपाखरे पाहायला कसली तंदुरुस्ती लागते हे ती ओळ लिहिणाऱ्याला विचारले असते, तर त्यालाही सांगता आले नसते. ती ओळ मागच्या परिपत्रकातून आलेली असते, मागच्यात त्याच्या मागच्यातून. कचेरीत काम करणाऱ्याला हे पटेल. माणसे वगळली जातात ती बहुधा दुष्टाव्याने नव्हे, नकलेने.

म्हणून मला कोसबाडची आठवण काढाविशी वाटते. ही गोष्ट मराठीत घडली, मराठीत लिहिली गेली आणि आमच्याकडे जवळजवळ विसरली गेली.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) हे नाव जुन्या शिक्षकांना माहीत असेल. मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर, घटस्फोटानंतर एकट्याने आयुष्य उभे करणाऱ्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्या होत्या, नंतर दादरला शिशुविहार काढला. म्हणजे माँटेसरी पद्धत मध्यमवर्गीय मराठी घरांत पोहोचवण्याचे मोठे श्रेय त्यांचे. तिथेच थांबल्या असत्या तरी नाव राहिले असते. पण माँटेसरीची ती गुळगुळीत लाकडी साधने, त्यांची किंमत, ती विकत घेऊ शकणारी आणि न शकणारी घरे, हे त्यांना टोचत राहिले. इटलीत मारिया माँटेसरींनी १९०७ साली पहिले बालगृह काढले होते ते रोममधल्या गरीब वस्तीत. इकडे ते श्रीमंतांचे झाले होते. १९४५ साली पन्नाशी उलटलेल्या ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. (तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.) त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). बालपणीच वैधव्य आलेली आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेली ही बाई पुढे सगळे आयुष्य तिथलीच झाली.

बोर्डीत बालवाडी उघडली. दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले काही येईनात. इथे आपण काय करतो? 'या लोकांना शिक्षणाची आवड नाही' असा शेरा मारतो आणि पटावर गैरहजेरी मांडतो. ताराबाईंनी शेरा मारला नाही. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांच्या अंगणात जाईल. शिक्षिका वस्तीवर जायची, एखाद्या अंगणात सडा टाकून मुले जमवायची. आधी हातपाय धुणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. याला त्यांनी नाव दिले अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा हेच नाव देशभर गेले. आज आमच्या वाड्यावरची अंगणवाडी, तिचा खाऊ, तिची सेविका सगळ्यांना ठाऊक आहे. अंगण मात्र त्या नावातच राहिले. अंगणवाडी आता खोलीत भरते.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपास वारल्यांचे पाडे. तिथे थोडी मोठी मुले शाळेत का येत नाहीत याचा शोध घेतला, तर उत्तर सोपे निघाले. ती गुरे राखायला जातात. काही पोटच्या भाकरीवर दुसऱ्याची गुरे राखतात. सकाळी गुरांबरोबर निघायचे ते दिवेलागणीला परत. शाळेची वेळ आणि गुरांची वेळ एकच. तेव्हा शिक्षक गुरांमागून निघाला! गुरे कुरणात चरायला लागली की मुलांनी झाडाखाली जमायचे. पाटी असली तर पाटी, नाहीतर माती. मोजायला बिया, खडे, काड्या. रंग ओळखायला पाने आणि फुले. मधेच एखादे जनावर कुणाच्या शेतात शिरले की पोरगा धावणार, ते वळवून पुन्हा येऊन बसणार. ही कुरणशाळा.

ही गोष्ट गोड करून सांगायचा मोह होतो, पण तो टाळला पाहिजे. कुरण हा शब्द त्या भागात काही रम्य नव्हता. त्याच १९४५ साली त्याच टापूत वारल्यांचा उठाव झाला होता. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ लिहून ठेवला आहे. लग्नासाठी कर्ज काढून पिढ्यान्‌पिढ्या सावकाराकडे राबणारे लग्नगडी, वेठबिगार, आणि गवत कापणीच्या मजुरीसाठी झालेला संप. ज्या गवतावरून बाप संप करीत होता, त्याच गवतात पोर जमीनदाराची गुरे राखत होते. त्या पोराला निसर्गाची गोडी लावायला कुणी शिक्षक लागत नव्हता. त्याला प्रत्येक झाड माहीत होते, कोणत्या पाल्याने जखम भरते हे माहीत होते, पाऊस कधी येणार हे माहीत होते. नव्हते ते अक्षर आणि आकडा, ज्याच्या अभावी सावकार त्याच्या बापाचा अंगठा घेत होता. कुरणशाळेत बाहेरून आत येणारी गोष्ट होती लिपी. निसर्गाचे ज्ञान मुलाकडून शिक्षकाकडे जात असेल, असा माझा तर्क आहे.

आणखी एक गोष्ट तिथे केली गेली. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली ठेवल्या. कारण उघड होते. धाकट्याला कडेवर घेतलेली बहीण शाळेत यायची असेल तर धाकट्याचीही सोय शाळेतच हवी. मी वर ज्या घरी राहणाऱ्या मुलीचा उल्लेख केला, तिचे उत्तर साठ-सत्तर वर्षांपूर्वी देऊन झालेले आहे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक मिळाले तर जरूर वाचावे. कुरणशाळा मात्र अंगणवाडीसारखी सरकारी योजना झाली नाही. का झाली नाही याचे उत्तर कारकून म्हणून मी देऊ शकतो. अंगणवाडीला खोली बांधता येते, तिचे भाडे दाखवता येते, भिंतीवर फलक लावता येतो. कुरणातल्या शाळेची तपासणी करायला अधिकाऱ्याला गुरांमागून चालावे लागले असते!

त्यानंतर 'पर्यावरण शिक्षण' आले ते वरून. १९७२ साली स्टॉकहोमची परिषद, १९७७ साली तिबिलिसीची परिषद, जिच्यात हे शिक्षण सर्व वयाच्या आणि सर्व थरांतील लोकांसाठी असावे असे मांडले गेले. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले. निकाल चांगला. अंमलबजावणी आपण सगळे जाणतोच. विषय झाला, पुस्तक झाले, प्रकल्पवही झाली, आणि प्रकल्पवहीत चिकटवायला वाघ-सिंहांच्या चित्रांचे छापील तक्ते स्टेशनरीच्या दुकानात आले. ज्या मुलाच्या घरामागे गवा येतो तोही वहीत सिंहच चिकटवतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना केली आहे. ते दहा दिवस कुणाच्या वाट्याला कसे येतील, यावर सगळे अवलंबून आहे.

गोव्यापुरते बोलायचे तर आमच्याकडे शाळा मुलांकडे चालत गेल्याचा इतिहास आहे. मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत, गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. बहुतेक मराठी. जिथे इमारत नव्हती तिथे देवळाच्या सभामंडपात, कुणाच्या ओसरीवर वर्ग भरले. त्यावेळच्या शिक्षकांनी डोंगर चढून, होडीने नदी ओलांडून शाळा केल्या. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या घरातले पहिले अक्षर त्या शाळांतून आले. आता त्यातल्या बऱ्याच शाळा पटसंख्येअभावी मिटल्या, काही शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. ज्या उरल्या आहेत, त्यांतल्या माझ्या पाहण्यातल्या शाळांत स्थलांतरित मजुरांची मुले पुष्कळ दिसतात. त्यांच्यापैकी कितीजणांना आमची खाजन शेती ठाऊक आहे? आणि आमच्यापैकी कितीजणांनी त्यांना त्यांच्या गावची ज्वारी, तिथली काळी माती याबद्दल विचारले आहे?

खाजनाचेच उदाहरण घ्या. खाऱ्या पाण्याला बांध घालून, त्याला मानस बसवून, भरती-ओहोटीच्या हिशेबाने भात आणि मासळी दोन्ही घेणारी ही व्यवस्था शतकानुशतके चालत आली. मानशीची दारे भरतीच्या जोराने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. यात भौतिकशास्त्र आहे, चंद्राच्या तिथी आहेत, गावकारीचा कारभार आहे, मानशीच्या मासळीचा लिलाव आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टीतल्या कितीतरी शाळांपासून मानस चालण्याच्या अंतरावर आहे. तिथे जायला बस नको, तंबू नको, शुल्क नको. पण आम्ही मुलांना जंगल दाखवायला दूर नेतो, आणि जी दूर जाऊ शकत नाहीत ती वर्गात बसून पाठ्यपुस्तकातला परिसर वाचतात. सत्तरी-सांग्याकडच्या धनगर वस्तीतले मूल शाळेत दोन दिवस आले नाही तर ते गैरहजर, आणि शहरातले मूल त्याच्याच डोंगरावर दोन दिवस तंबूत राहिले तर ते शिबिरार्थी. प्रमाणपत्रासह!

'पण दिसतच नाही त्या मुलाला निसर्ग कसा दाखवणार?' असा प्रश्न एका शिक्षकमित्राने मला विचारला होता. त्याचा रोख वाईट नव्हता. त्याला मी खीरात व्हर्मेय यांच्याविषयी सांगितले. १९४६ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेला हा माणूस तिसऱ्या वर्षापासून पूर्ण अंध. कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सीला आले. तिथल्या प्राथमिक शाळेत एका शिक्षिकेने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून आणलेले शंख-शिंपले खिडकीच्या कठड्यावर मांडून ठेवले होते. मुलांनी हात लावायचे ते. व्हर्मेय यांनी ते बोटांनी चाचपले आणि तिथून जे वेड लागले ते सुटलेच नाही. पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले, जगातले नावाजलेले शंखतज्ज्ञ झाले. खेकड्याने शंख फोडायचा प्रयत्न केला आणि तो फसला, तर शंखावर भरून आलेली जखम राहते. असे व्रण बोटांनी वाचून त्यांनी शिकारी आणि शिकार यांच्या लाखो वर्षांच्या चढाओढीचा सिद्धान्त मांडला. आता सांगा, तिसऱ्यो, खुबे, शिनाण्यो ज्या किनाऱ्यावर टोपलीने निघतात तिथल्या अंध मुलाला आपण किनाऱ्यावर न नेता घरी ठेवतो! त्या शिक्षिकेने वेगळे काही केले नव्हते. वस्तूंवर 'हात लावू नये' अशी पाटी लावली नाही, इतकेच.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आता पळवाट उरलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे शासकीय आणि अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहेच, शिवाय खेळ आणि मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्यायच्या आहेत. त्याच कलमात वाहतुकीच्या सोयीचा आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या मदतनीसाचाही उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट भरला, तेव्हा चाकांच्या खुर्च्या, सांकेतिक भाषा, ब्रेल हे सगळे राजधानीच्या मध्यभागी दिसले. चार दिवस सगळ्यांना बरे वाटले. शाळेच्या सहलीची यादी मात्र बाकीच्या दिवसांत तयार होते.

माझ्या अधिकारात काही नाही. पण शिबिराच्या अर्जाचा नमुना कसा असतो ते मला माहीत आहे. नाव, इयत्ता, जन्मतारीख, पालकांची संमती, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, शुल्क भरल्याची पावती. यातला दाखल्याचा रकाना काढून तिथे 'विद्यार्थ्याला कोणती सोय लागेल' असा रकाना घालावा. पावतीच्या जागी 'शुल्क शाळा भरणार की पालक' असे विचारावे. आणि अर्जाच्या वर, ठिकाण ठरवण्याआधी, वर्गाचा पूर्ण पट जोडावा, गैरहजर मुलांसकट. ठिकाण त्या पटाकडे बघून ठरवावे. कदाचित मग ते मोले असणार नाही, शाळेमागची मानस असेल. नमुना बदलायला कुठली नवी योजना लागत नाही, मुख्याध्यापकांच्या सहीने तो बदलता येतो.